खिशातली बातमी

मी प्लॅनिंग इंजिनीअर आहे. कुठलं काम कोणी कधी करायचं हे कागदावर आखून द्यायचं आणि ते तसं झालं नाही की लोकांवर डाफरायचं, यात माझी वीस वर्षं गेली. त्यामुळे नोकरी गेल्याचं बायकोला कधी सांगायचं, याचंही मी वेळापत्रकच केलं होतं. शुक्रवारी सकाळी गाडीत नाही, कारण मागे मुलगी बसलेली असणार. दुपारी जेवताना नाही, कारण मग कोणी जेवणार नाही. संध्याकाळी ऊन उतरलं की दोघांनी वाळूच्या टेकडीवर चढायचं, मुलगी उंट बघण्यात गुंग असेल, तेव्हा सांगायचं. पत्र हातात पडून त्या शुक्रवारी दहा दिवस होत होते. आधीच्या नऊ दिवसांचीही अशीच वेळापत्रकं झाली होती.

२०१६ सालचा हिवाळा होता. तेलाचे भाव कोसळले होते आणि मस्कतमधल्या आमच्यासारख्या कंत्राटी कंपन्यांत दर आठवड्याला कोणाच्या ना कोणाच्या टेबलावर पत्र येऊन पडत होतं. दार्सैतच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, लिफ्टच्या आरशाशेजारी, घरसामान विकायच्या चिठ्ठ्या एकीवर एक चिकटत चालल्या होत्या. सोफा, कपाट, मुलांची सायकल. मी बायकोशेजारी उभा राहून त्या वाचायचो आणि ‘अरेरे, हेपण चालले वाटतं’ असं म्हणायचो. माणूस किती कोडगा होऊ शकतो ते मला त्या लिफ्टमध्ये कळलं.

सांगायला जड जात होतं त्याला कारणही होतं. बायको फिजिओथेरपिस्ट. पुण्यात तिचं काम चांगलं चाललं होतं, ते सोडून ती माझ्यामागे तीन वर्षांनी इथे आली आणि आठ वर्षं घरी बसली. इथे काम करायचं तर आरोग्य खात्याची परीक्षा द्यावी लागते. त्यात ती दोनदा नापास झाली. तिसऱ्या वेळी स्वयंपाकघराच्या टाइल्सवर हाडांची आणि स्नायूंची नावं चिकटवून तिने अभ्यास केला, भाजी परतता परतता पाठांतर केलं, आणि पास झाली. बौशरच्या एका दवाखान्याने तिला घेतलं. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. आणि आम्ही तिघंही माझ्या व्हिसावर होतो. माझं संपलं की तिचं नुकतंच सुरू झालेलंही संपणार, असं मी धरून चाललो होतो. हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

सहल ठरवली ती ऑफिसातल्या एका ओमानी सहकाऱ्याने. हा पोरगेला असताना माझ्या हाताखाली आला, ड्रॉइंग वाचायला माझ्याकडे शिकला, आणि आता माझ्याच खुर्चीवर बसणार होता. याचं त्याला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं, आणि ते बघून मला आणखी राग यायचा. त्याच्याकडे एक छोटी कॅराव्हॅन होती, मायदेशी परतलेल्या कुठल्याशा गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. जीपच्या मागे जोडायची, की झालं. आत दोन बाक, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि खिडकीला कोणीतरी हाताने शिवलेला फुलाफुलांचा पडदा. “मुहंदिस,” तो म्हणाला. मुहंदिस म्हणजे इंजिनीअर. माझं नाव त्याला ठाऊक असेल असं वाटत नाही. “जाने से पहले एक दिन मेरा गाँव देखो. मदाम, बेबी, सब आओ.”

त्याचं गाव बिदिया. मस्कतहून अडीच-तीन तास, जिथे डांबरी रस्ता आहे पण रस्त्याच्या उजव्या बाजूला वाळवंट सुरू होतं. सकाळी सातला आम्ही निघालो. पुढे त्याची जीप आणि तिला जोडलेली कॅराव्हॅन, मागे आमची गाडी. कॅराव्हॅनमुळे सगळा प्रवास बैलगाडीच्या चालीने झाला. वळणावर तो फुलांचा पडदा एका बाजूला जायचा आणि मग परत यायचा, तेवढंच काय ते समोर बघायला.

बायको शेजारी बसून अरबी घोकत होती. पेशंटशी बोलायला लागेल तेवढं तिने एका वहीत उतरवून घेतलं होतं. “वेन यव्वरक?” ती मला विचारायची. म्हणजे कुठे दुखतंय. मी मान दाखवायचो, गुडघा दाखवायचो. मागून मुलगी म्हणाली, “आई, accent जरा चुकतोय तुझा. त्यांना कळणार नाही.” आठवीतली ही पोर, शाळेत अख्खा दिवस इंग्लिश बोलते, घरी मराठीला ठेचकाळते, आणि अरबीच्या उच्चारांचे सल्ले देते. एरवी मी हसलो असतो. तेवढ्यात बायकोने, दवाखान्यात पांढरे बूट घालायचे की काळे चालतील, असा विषय काढला. मी म्हणालो, पांढरे घे. नऊ दिवस मी अशीच उत्तरं देत होतो.

इब्रा आलं तसं आम्ही चहाला थांबलो. मलबारी हॉटेल, कडक दुधाळ चहा, पराठ्यात गुंडाळलेलं ऑम्लेट. मायलेकी आत हात धुवायला गेल्या तसा तो माझ्या जवळ सरकला.

“मदाम ने क्या बोला?”

“अभी बताया नहीं.”

त्याने चहाचा कागदी कप गाडीच्या टपावर ठेवला. “दस दिन हो गया, मुहंदिस.”

“आज शाम को बोलूँगा.”

“इन्शाल्ला,” तो म्हणाला. त्याने ते ज्या सुरात म्हटलं तो सूर मी साइटवर अकरा वर्षं ऐकला होता. काम होणार नाही हे दोघांनाही माहीत असतं तेव्हाचा तो सूर. मग जरा थांबून म्हणाला, “मेरा बाबा आएगा दोपहर में मिलने. बाबा पूछेगा तो मैं बाबा के सामने झूठ नहीं बोलेगा.” त्याला काय म्हणायचं होतं ते मी नीट विचारायला हवं होतं. पण मायलेकी आल्या आणि मी चहाचे पैसे द्यायला गेलो.

बिदियाला टायरच्या दुकानात त्याने, वाळूत रुतू नये म्हणून, जीपच्या चाकांतली हवा कमी करून घेतली. आमची साधी गाडी त्याच्या घराच्या भिंतीला लावली आणि सगळे जीपमध्ये बसलो. कॅराव्हॅन खोल वाळूत जात नाही. जिथे खडीची सपाट जमीन संपते आणि पहिली तांबूस टेकडी उठते, तिथे एका मोठ्या झाडाखाली त्याने ती उभी केली. ओमानी लोक त्या झाडाला घाफ म्हणतात. बायकोने पानं हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, “अरे, ही शमी आहे.” खरोखरच शमी होती, आपली, दसऱ्याची. एवढ्या लांब येऊन, एवढ्या कमी पाण्यावर ती हिरवीगार उभी होती. मला तिचा हेवा वाटला हे कबूल करायला हरकत नाही.

तो जुम्म्याच्या नमाजाला गावात गेला. आम्ही चटई पसरली, कॅराव्हॅनचं झापड वर करून सावली केली. बायकोने शेगडीवर कुकर चढवला. रात्रीचं जेवण त्याच्या घरून येणार होतं, पण दुपारी आमच्या हातचं खायचं, अशी तिने अट घातली होती: मुगाची खिचडी, तळलेले पापड, लसणाची चटणी. मुलगी टेकडीवर चढायची आणि बसून घसरत खाली यायची. तिचा आवाज लांबून यायचा आणि वाळूत विरून जायचा. इतकी शांतता मी बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती. आत्ता सांगावं, असं एकदा वाटलंही. पण वेळापत्रकात संध्याकाळ होती. मी पाण्याच्या बाटल्या मोजून सावलीत लावल्या.

नमाज आटोपून तो परतला तो वडिलांना घेऊनच. म्हातारे सत्तरीच्या पुढचे असावेत. पांढरा स्वच्छ डगला, कमरेला पट्टा, हातात बारीक काठी. सोबत कॉफीचा थर्मास आणि खजुराची परात. आम्ही उठून उभे राहिलो. त्यांनी माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला, बायकोकडे बघून छातीशी हात नेला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. तब्येत, प्रवास, रस्ता, सगळं विचारून झालं. मग सगळे चटईवर बसलो. म्हातारबाबांनी काठी शेजारी ठेवली, घसा साफ केला, आणि माझ्याकडे सरळ बघत एकच शब्द विचारला. “उलूम?”

मी सहकाऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “बाबा पूछता है, तुम्हारा उधर क्या खबर.”

याने सांगितलं, मला वाटलं. वडिलांना सगळं सांगून ठेवलंय, आणि आता म्हातारा मला तोंडावर विचारतोय. इब्राला म्हणाला होताच, बाबांसमोर खोटं बोलणार नाही म्हणून. म्हातारबाबा वाट बघत होते. घाई नव्हती त्यांच्या नजरेत, कीवही नव्हती. आणि ज्या माणसाला मी दोन मिनिटांपूर्वी पहिल्यांदा भेटलो, त्याला मी माझ्या साइटवरच्या मोडक्या अरबीत सांगून टाकलं. “शुगल खलास. शहरेन. बादेन रूह हिंद.” काम संपलं. दोन महिने. मग हिंदुस्थानात जाणार.

त्या भाषेत मला कारणं येत नव्हती. मराठीत दहा दिवस मी जी वाक्यं रचत होतो त्यात तेलाचे भाव होते, कंपनीचं धोरण होतं, मी शोधत असलेल्या दुसऱ्या नोकऱ्या होत्या, काळजी करू नकोस होतं. अरबीत माझ्याकडे फक्त मजुरांना हुकूम देण्यापुरते शब्द, आणि तेवढ्यात ती सगळी बातमी मावली.

आणि ते शब्द मस्कतमध्ये कोणाला कळत नाहीत? भाजीवाल्यालाही कळतात. बायको शेगडीपाशी होती. तिची पाठ माझ्याकडे होती, ती वळली नाही. मुलगी मात्र म्हणाली, “बाबा, म्हणजे we’re going back? For good?”

“नंतर बोलू,” मी म्हणालो.

म्हातारबाबा जरा दचकल्यासारखे दिसले. त्यांनी मुलाकडे बघितलं, मुलाने खाली बघितलं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने वाटीसारख्या छोट्या कपात कॉफी ओतून मला दिली आणि तीन गोष्टी विचारल्या, मुलाने त्या मला हिंदीत सांगितल्या. आई आहे? आहे, कोकणात, गावी. घर आहे? आहे. विहिरीला पाणी आहे? मी म्हणालो, पाणी फार आहे, पावसात तर नको नको होतं. यावर त्यांनी अल्हम्दुलिल्ला म्हटलं आणि पाठीचा कणा सैल सोडला, जणू एवढ्यात सगळं मिटलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि पलीकडे बांधलेला त्यांचा उंट दोरी ताणून उभा राहिला. म्हातारबाबा त्याला लांबूनच काहीतरी रागावले. बायकोने आणखी दोन शिट्ट्या मोजल्या, गॅस बंद केला, आणि सगळ्यांना वाढलं. तूप प्रत्येकाच्या ताटात बरोबर मधोमध घातलं. मला वाढताना माझ्याकडे बघितलं नाही. हे न बघणं मला ओळखीचं आहे. भांडण परवडतं.

जेवणं झाल्यावर म्हातारबाबा मुलीला घेऊन उंटाकडे गेले. सहकारी थर्मास उचलता उचलता मला बाजूला घेऊन म्हणाला, “मुहंदिस, वो तो सब को पूछता है. मेहमान आता, बैठता, बड़ा आदमी पूछता, उलूम. पहले बोलने का, कुछ नहीं, सब ठीक. भाई भी मर गया हो तो भी पहले कुछ नहीं. फिर कॉफी पीने का. बाद में धीरे से सच बोलने का.” त्याने वडिलांना काही सांगितलं नव्हतं. म्हातारबाबांनी फक्त रीत पाळली होती, आणि मी रीत न कळून थेट मुद्द्याचं बोललो होतो.

मला शरमल्यासारखं झालं, आणि मग त्या रिवाजाचं कौतुकही वाटलं. वाळवंटात चार-चार दिवस चालून माणूस येणार, त्याला दारातच बातमीचं ओझं उतरवायला लावायचं नाही. पहिलं उत्तर खोटं चालतं, सगळ्यांना ते खोटं आहे हे ठाऊक असतं. पण त्यानंतर कॉफी होते आणि खरं सांगावंच लागतं. मी घरात त्या पहिल्या उत्तरापाशीच दहा दिवस बसून राहिलो होतो. आमच्याकडे पुन्हा विचारणारं कोणी नव्हतं, कारण आपण विचारायला हवं हेच तिला ठाऊक नव्हतं.

तो गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. टाकीतलं पाणी वाचवायचं म्हणून ती ताटं कोरड्या वाळूने घासत होती. मी दुसरं ताट घेऊन शेजारी बसलो.

“कधी मिळालं पत्र?” तिने विचारलं.

“मागच्या मंगळवारी. म्हणजे त्याच्या आधीच्या.”

तिचा हात थांबला. “मंगळवारी मला दवाखान्याचं पत्र आलं.”

“हो.”

“मी तुला ऑफिसात फोन केला. तेव्हा?”

“तेव्हा मिळालं होतं. खिशात होतं.”

“आणि तू म्हणालास, आज बाहेर जेवू. रूवीला गेलो आपण. तू आईस्क्रीम मागवलंस. वेटरला सांगितलंस, मदाम डॉक्टर झाल्या म्हणून.”

“तुझा आनंद घालवायचा नव्हता मला.”

ती वाळू ताटात गोल फिरवत राहिली. “तीन वेळा परीक्षा दिली मी. आठ वर्षांत तो एक दिवस माझा होता, अरे. आता तो आठवायला गेले की मला तुझा खिसा आठवणार.”

चुकलं, असं मी म्हणालो. ते तिने ऐकलं, पण त्याने काही बदललं नाही. मग मी माझी बाजू मांडायला गेलो, कारण मला गप्प बसता येत नाही. म्हणालो, माझा व्हिसा गेला की तुझंही काम जाणार, एकाच दमात दोन्ही कसं सांगू, मी काहीतरी मार्ग काढत होतो, सोहारला, दुबईला अर्ज टाकलेत.

“माझं पत्र वाचलंस तू?”

“बघितलं ना.”

“वाचलंस का?”

नव्हतं वाचलं. वरचं नाव बघितलं होतं, खालची सही बघितली होती, आणि तिला मिठी मारली होती. दहा दिवस मी सगळ्यांच्या भवितव्याचे आडवे-उभे तक्ते करत होतो आणि त्यातला एकच कागद वाचायचा राहिला होता.

“दवाखाना मला व्हिसा देतोय,” ती म्हणाली. “माझा स्वतःचा. क्वार्टर्समध्ये खोली पण आहे, नर्सेसच्या मजल्यावर. आपल्याला नको होती म्हणून मी त्याबद्दल बोलले नव्हते.”

टेकडीपलीकडून मुलीचं हसू ऐकू आलं. उंटाने बहुतेक तिच्या हातातलं काहीतरी खाल्लं होतं.

“मी येत नाहीये,” बायको म्हणाली. “मी पहिल्या तारखेला रुजू होणार.”

“आणि पोरगी?”

“त्या खोलीत मुलं ठेवता येत नाहीत. ती तुझ्याबरोबर जाईल. नववी पुण्यात करेल. तिला आपण दोघांनी मिळून सांगायचं, आज, अंधार पडायच्या आत. तिच्यापासून काही लपवायचं नाही.”

मला एकदम राग आला, आणि तो राग होता की भीती होती हे मी आजही सांगू शकणार नाही. मी म्हणालो, असं कसं परस्पर ठरवतेस, एवढी मोठी गोष्ट, नीट बसून बोलू, आईला काय वाटेल, पोरीचं वय बघ, मला तरी विचार.

तिने ताट बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. दुपारपासून पहिल्यांदा.

“तू इथे यायचं ठरवलंस तेव्हा ती दीड वर्षाची होती. तू सही करून घरी आलास, हात धुवून जेवायला बसलास आणि सांगितलंस. मी तेव्हा काय म्हणाले, आठवतंय?”

मला आठवत नव्हतं. मी आठवायचा खरोखर प्रयत्न केला. माझं विमान आठवलं, पहिली साइट आठवली, फोनच्या कार्डांवर खर्च केलेल्या रात्री आठवल्या, सगळं माझंच.

“काही म्हणाले नाही,” ती म्हणाली. “पोळी वाढली तुला.”

ऊन टेकडीवरून उतरायला लागलं होतं. माझ्या वेळापत्रकात जी वेळ होती ती आता झाली होती, आणि सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. म्हातारबाबा काठी टेकत परत येताना दिसले, मागे मुलगी. ती जवळ यायच्या आत मला एक गोष्ट विचारून घ्यायची होती.

“किती दिवस राहणार आहेस?”

“दोन वर्षं,” ती म्हणाली, आणि ताटं उचलून कॅराव्हॅनमध्ये गेली.

अकरा वर्षांपूर्वी जेवताना मीही तिला दोनच म्हणालो होतो.